घट्ट माल

देवपुरातली जुनी शाळा पाडली, आणि द्रौपदाबाई तिच्या विटांना चिकटलेला सिमेंटचा माल हातोडीने काढत बसली. अख्खी वीट पुन्हा बांधकामाला जाते, फुटकी भरावाला. पण हा माल निघेना, विटाच फुटत होत्या. सकाळपासून ती माल कालवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

“कोना शे हाऊ माल?”

“तुनाच शे, अक्का,” सुपडू गवंडी हसला. ही भिंत त्यानेच रचली होती.

हातोडी थांबली. ठेकेदाराची पाठ वळताच सिमेंटचं जादा घमेलं कोण ओतायचं, ते तिला आठवलं.

“मंग! मनी पोर सपना बसनार व्हती त्या भिंतीखाले,” ती त्याच्यावरच खेकसली, आणि पुढच्या विटेवर हातोडी हळूच मारली.