मामांची नात

आमच्या शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांना सगळे मामाच म्हणतात. मी तिथे शिकवते आणि कोरेगाव भीमाहून त्यांच्याच व्हॅनने जाते. पोरांची दप्तरं ते स्वतः उचलून ठेवतात. दर वाक्याला "व्हय का न्हाई" विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत.

गेल्या वर्षी कंपनीत कामाला आलेल्या एका बिहारी कुटुंबातली मुलगी दुसरीत आली. मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायची, तिला शेजारी बसू द्यायची नाहीत. एकदा तिचा डबाच खिडकीतून फेकला गेला. मामांनी गाडी थांबवली, डबा उचलून आणला आणि पुसून तिच्या हातात दिला.

"कुणी फेकला?"

"मी," मागे बसलेली त्यांचीच नात म्हणाली. "आबा, तुम्हीच जेवताना म्हंता ना, या भय्या लोकान्ला हाकललं पायजे?"

मामांनी गाडी सुरू केली. संध्याकाळी मला उतरवताना म्हणाले, "मॅडम, म्या कवा कुणाला हात लावला न्हाई. नुस्तं बोलतो."

माझ्या घरीही तसंच बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी येईना, म्हणून मामा तिच्या खोलीवर गेले. "गाँव भेज दिया," बाप म्हणाला आणि त्यांना चहा विचारला. चहा न घेताच मामा परतले.

आता मुलं गावातल्याच एका तोतऱ्या मुलीला शेजारी बसू देत नाहीत. नात त्यांच्यातच असते. मामा आरशात बघतात, आणि गाडी चालवत राहतात.