दोन पाऱ्यांतला फरक

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक लाकडी पाटी टांगलेली आहे आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन तापमापक. शाळेच्या प्रयोगशाळेचं जुनं सामान मोडीत काढलं त्याच वर्षी मी निवृत्त झाले. शाल आणि नारळ दिला, तो घेतला. पण मला हवी होती ती ही पाटी. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, भंगार कशाला नेताय?" भंगार म्हणे! ज्या माणसाने आयुष्यात कधी आर्द्रतामापकाला हात लावला नाही त्याने ते ठरवायचं.

हे यंत्र अगदी साधं आहे. एका तापमापकाचा फुगा उघडा असतो. दुसऱ्याच्या फुग्याला सुती वात गुंडाळलेली असते आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं. वातीतलं पाणी वाळतं, वाळताना फुग्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून तो पारा उघड्या पाऱ्याच्या खाली राहतो. हवा कोरडी असली की दोघांत फरक मोठा. हवा दमट असली की पाणी वाळत नाही आणि फरक कमी होत जातो. तीस वर्षं मी हे फळ्यावर काढलं. त्यासोबत एक वाक्य सांगायचे : घाम येऊन माणूस गार होत नाही, घाम वाळून होतो. 'घाम' म्हटलं की मागचे बाक हसायचे, तेही तीस वर्षं.

दरवर्षी प्रात्यक्षिकाला कुणीतरी ओरडायचंच, "मॅडम, दोन्ही पारे सारखेच!" मी मान वर न करता सांगायचे, "वात वाळली असेल, पाणी घाल." दहातल्या नऊ वेळा तेच असायचं. आणि वहीत खोडरबर चालायचा नाही. चुकीचा आकडा दिसला पाहिजे. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं. या एका नियमापायी मी किती पोरांना रडवलं असेल कोण जाणे.

निवृत्तीनंतर रोज दुपारी दोन वाजता मी दोन्ही आकडे वहीत लिहू लागले. शेवटी शेऱ्याचा रकाना. आमचे हे म्हणायचे, "नोकरी सुटली तरी हिची हजेरी काही सुटली नाही." म्हणू देत. त्या वहीमुळे मला एक गोष्ट दिसली, जी गल्लीत कुणालाच पटायची नाही. आमच्याकडचा मे म्हणजे कोरडा भाजणारा मे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. ऊन आहे पण घामाची चिकचिक नाही, असं मुंबईच्या पाहुण्यांना आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो. वहीत मात्र दर उन्हाळ्यात काही दिवस असे यायला लागले होते की आदल्या दिवशी अवकाळी पाऊस, दुसऱ्या दिवशी कडक ऊन, आणि दोन पाऱ्यांतला फरक मे महिन्याला न शोभणारा. तापलेल्या हवेच्या पोटात पाणी जास्त मावतं, हे पुस्तकातच आहे. सगळ्या पृथ्वीची हवा तापत असेल तर आमच्या पुंडलिकनगरची काय वेगळी राहणार? एका घराच्या वहीवरून जगाचा निकाल लागत नाही, तेवढं शास्त्र मला कळतं. पण शास्त्र जे सांगत होतं तेच माझी वही सांगत होती, याचा मला गर्व होता. होता, हे कबूल करते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी भावाचा फोन आला. आमचं गाव वैजापूरजवळ. तिथलं घर पत्र्याचं. आधीच्या उन्हाळ्यात आमचे वडील, आबा, भर दुपारी त्या पत्र्याखाली चक्कर येऊन पडले होते. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की असा झटका पुन्हा आला तर या वयाला झेपायचं नाही. भाऊ म्हणाला, "ताई, एवढा उन्हाळा आबांना तुझ्याकडं ने. एवढा निघाला की पुढचं पुढं बघू." मी म्हटलं, आण. माझ्याकडे स्लॅबचं घर, कूलर, आणि मी स्वतः उष्णतेचा धडा तीस वर्षं शिकवलेली. आणखी काय पाहिजे?

आबा यायला तयार नव्हते. लेकीच्या घरी महिना-महिना राहायचं ही गोष्ट त्यांच्या पिढीला पचत नाही. माझं लग्न झाल्यावर, मला मूल होईपर्यंत त्यांनी माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. उन्हातून यायचे, ओसरीवर टेकायचे आणि नळ चालू असताना तहानलेले परत जायचे. मी चिडायचे, ते हसायचे. या खेपेला आले ते कांद्याचं एक पोतं आणि ज्वारीचं पीठ घेऊन. मी म्हटलं, "आबा, इथं काय कांदे मिळत नाहीत का?" म्हणाले, "मिळत असतील की. पर लेकीच्या घरी रिकाम्या हातानं येत नसतेत, माय."

राहिले तेही पाहुण्यासारखे. चहा हवा असला तरी मागायचे नाहीत, मी करायला उठले की म्हणायचे, "करतीच हायस तर अर्धा कप दे." जावयापुढे पाय पसरून बसायचे नाहीत. गावात चार माणसांना हाकारून कामाला लावणारा माणूस माझ्या हॉलमधल्या दिवाणावर आपलं अंग आवरून पडून असायचा. मला ते दिसायचं. मी म्हणायचे, हवं ते मागा हो आबा. ते म्हणायचे, "व्हय व्हय." आणि मागायचे नाहीत.

त्याच सुमाराला आमची गल्ली पाइपलाइनसाठी खणली. धूळ म्हणजे माझी जन्माची वैरीण. एरवी कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो, बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत फेकतो, आणि मागची खिडकी किलकिली ठेवली की आतली हवा तिकडून निघून जाते. पण खणलेल्या रस्त्याची सगळी माती तो कूलर हॉलमध्ये आणून ओतायला लागला. तेव्हा ह्यांना सांगून मी तो उचलून आत, दिवाणासमोर ठेवला आणि दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. आठ-दहा दिवसांतून एकदा नळाला येणारं पाणी मी कूलरसाठी ड्रम भरून राखलं होतं. आबांना काही कमी पडू द्यायचं नव्हतं.

दहा-बारा दिवस बरे गेले. हवा कोरडी होती, चूक पोटात घालत होती.

मग एका संध्याकाळी वीज कडाडली आणि अवकाळी येऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कडक ऊन. आबांनी उठून पोत्यात हात घातला, एक कांदा दाबून पाहिला, दुसरा पाहिला.

"कांद्याला पाणी सुटायलंय, माय. हवा लई ओली झाली."

"सडतील का?"

"कोंडला की सडतोच कांदा. त्याला वारं लागतं." मग खिडकीकडे बघून म्हणाले, "खिडकी उघडी ठिवली तर कसं?"

मी लादी पुसत होते. चांगलीच चिडले. "आबा, आत्ता पुसलंय मी! सगळा फुफाटा आत येईल. आणि उन्हाच्या झळा येतील त्या वेगळ्याच. कांद्यांचं मी बघते."

"बरं बरं," ते म्हणाले.

आणि कांद्यांचं मी खरंच बघितलं. पोतं ओढत मागच्या गॅलरीत नेलं, गोणपाट अंथरलं, एक एक कांदा सुटा पसरला, नासके निवडून टाकले. गॅलरीत सावली होती आणि वारा होता. अर्धा तास गेला त्यात. घामेजले, पण बाहेरच्या वाऱ्याने घाम वाळला आणि बरं वाटलं. गॅलरीचं दार मागून घट्ट लावून घेतलं आणि आत आले.

जेवताना त्यांनी अर्धी भाकरी ठेवली. भूक नाही म्हणाले. मी कूलरमध्ये आणखी दोन बादल्या पाणी घातलं, ओली चादर पिळून त्यांच्या अंगावर टाकली. खोली गार वाटते असं मला वाटलं. कूलर घोंघावत होता, पाणी टपटपत होतं; त्या आवाजानेच माणसाला गार वाटतं.

दोन वाजता मी वही घेऊन पाटीपुढे उभी राहिले. दोन्ही पारे जवळजवळ एका रेषेत. फरक जेमतेम दोन अंशांचा. मे महिन्यात दोन अंश! असं असूच शकत नाही. तीस वर्षं जे बोलत आले तेच मनात आलं : वात वाळली असेल. बाटलीत पाणी होतं, तरी मी आणखी घातलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. तेच.

आबा पडल्या पडल्या बघत होते. आवाज जड होता. "काय म्हणतंय गं तुझं यंत्र?"

"बिघडलंय, आबा."

"बरं," ते म्हणाले, आणि कूस बदलली.

मी दोन आकडे लिहिले. शेऱ्यात लिहिलं, 'वात बदलणे'. अक्षर छान आलं होतं. मग आतल्या खोलीत जाऊन जरा आडवी झाले.

चार वाजता चहासाठी उठवायला गेले तर त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली आणि बैल सोडले का विचारलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बैल विकूनही. अंगाला हात लावला तर तवा. चादर ओलीच होती, जशी टाकली होती तशी. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. बर्फ लावायला सांगता सांगता त्यांनी विचारलं, "घरात कूलर नव्हता का?"

"होता."

"चालू होता?"

"दिवसभर."

त्यांनी आबांची नाडी पाहिली. मग म्हणाले, "खिडक्या?"

उत्तर यायच्या आत सगळा धडा डोळ्यांपुढून गेला, आकृतीसकट. बंद खोलीत कूलर तीच ती हवा फिरवत राहतो आणि तिच्यात पाणी भरत राहतो. हवा पाण्याने भरली की वात वाळत नाही. वात वाळत नाही तसा घामही वाळत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातली उष्णता मग जाणार कुठे?

रात्रभर तिथेच होते. सकाळी कपडे न्यायला घरी आले. शेजारणीने किल्ली घेऊन कूलर बंद केला होता आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या. सगळीकडे मातीचा थर. मी सरळ पाटीपाशी गेले आणि वात चिमटीत धरली. चिंब होती. बोटांवरून पाणी ओघळलं. आणि पाऱ्यांत चांगला सात-आठ अंशांचा फरक पडला होता. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. मी तिथेच, त्या मातीत, खाली बसले आणि मोठ्याने रडले.

आबा तिसऱ्या दिवशी गेले. कागदावर हृदयक्रिया बंद पडून असं लिहिलंय. ते खोटं नाही. उन्हाचं नाव त्यात कुठेच नाही. भाऊ म्हणाला, "ताई, तू काय कमी केलं का? वय झालं होतं." सगळे तेच म्हणाले. कूलरसमोर, लेकीच्या घरी, सावलीत गेले, असं कौतुकानेसुद्धा म्हणाले. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. जगाची हवा मी तापवलेली नाही, हे मला माहीत आहे. खिडकी मात्र मी लावली होती. गावी भावाकडे असते तर त्यांनी उठून ती स्वतः उघडली असती, वर चार शिव्या घातल्या असत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाच विचारलं, तेही कांद्याचं नाव पुढे करून.

दहावं-तेरावं झाल्यावर वही उघडली. त्या दिवसाचं पान खाडाखोड नसलेलं, स्वच्छ होतं. 'वात बदलणे' या दोन शब्दांवर मी एक आडवी रेघ मारली, अशी की खालचं वाचता येईल. शेजारी लिहिलं : 'वात ठीक. खिडकी बंद.'

आता खिडक्या उघड्या असतात. हे धुळीवरून कुरकुरतात, मी ऐकून घेते. गॅलरीतले कांदे काही सडले नाहीत. त्या सालात दिवाळीपर्यंत आम्ही तेच खाल्ले.