नानांची आमटी आणि पोटॅशियम

रक्ताचा रिपोर्ट डायनिंग टेबलावर होता. त्याच्याभोवती नाना, त्यांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, आणि डाएटिशियन मॅडम. मी ओट्यापाशी उभी. मुलुंडच्या या घरात स्वयंपाकाला लागून मला दोन महिने झाले होते.

नानांच्या किडन्या अर्धंच काम करतात. अशा किडन्यांना जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि ते फार वाढलं तर हृदयावर येतं.

"वाढलंय," मॅडम म्हणाल्या. "नाना, बाहेर काय खाता?"

"जिना उतरायला गुडघे कुठायत?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी शाळा सातवीत सुटली, गाव लातूरकडे. इथे कुणी ओळखत नसताना वहिनींनी चावी हातात दिली होती.

"ताई, लीचिंग करता ना?"

लीचिंग म्हणजे डाळ, बटाटा, भाजी भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी काढायचं. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं.

"रोज करते मॅडम. थेंब राहू देत नाही."

"आणि त्या पाण्याचं काय?"

"आमटी."

आमच्याकडे पुरणाची डाळ शिजली की वरचा कट कुणी ओतून देत नाही. काळा मसाला, चरचरीत फोडणी, झाली कटाची आमटी. नाना फिक्या भाजीला तोंड वाकडं करायचे, म्हणून मी सगळ्याच पाण्याची करत होते.

"खातं कोण ही आमटी?"

नाना पंख्याकडे बघायला लागले.

"हेच. रोज दोन वाट्या," वहिनी म्हणाल्या.

"तीन," नाना म्हणाले. "खोटं कशाला बोला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे घरातलं सगळं पोटॅशियम गोळा करून नानांना पाजलंत."

"मीठ मात्र बेताचंच घातलं, मॅडम."

गेलं काम, असं धरून मी एप्रन सोडायला लागले.

"ते राहू दे. आधी चहा टाक," वहिनी म्हणाल्या. "मी तरी कधी विचारलं?"

मॅडमनी आमटी बंद केली नाही. कट ओतायचा, उकडलेली डाळ मापून घ्यायची, पाणी ताजं, फोडणी माझीच. आणि एकच वाटी.

नानांनी चाखली. "जरा शहरात राहून आल्यासारखी लागते," म्हणाले, आणि वाटी पुसून खाल्ली. पुढच्या रिपोर्टात पोटॅशियम खाली आलं. माझं काम राहिलं.

पाणी काढा, हे मी ऐकलं होतं. का काढायचं, हे विचारलं नव्हतं. तेवढं विचारायला सातवी पुरते.

आता मी कट ओतते तेव्हा नाना काठी टेकत सिंकपाशी येऊन उभे राहतात. माझ्यावर भरवसा आहे म्हणतात, स्वतःवर नाही.