गालाच्या पेशी

शाळेच्या प्रयोगासाठी लेक काडेपेटीतल्या काडीने गाल आतून खरवडतेय. काचपट्टीवर निळ्या रंगाचा थेंब पडला आणि बुलढाण्याच्या कॉलेजातली ती दुपार समोर उभी राहिली.

त्या सकाळी मला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी बोलून गेले होते, "मले शिकायचं हाये." ते जाताच आबांनी, माझ्या वडिलांनी, अशी मुस्काटात मारली की मी भिंतीवर आपटले, दात गालात रुतला.

दुपारी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या गालाच्या चपट्या निळ्या पेशींभोवती रक्ताच्या गोल पेशींचा खच पडला होता.

"रक्त काऊन वं?" मॅडमनी विचारलं.

"दात लागला."

माझा सुजलेला गाल पाहून त्या हळूच म्हणाल्या, "इथल्या पेशी लवकर झडतात. नव्या येतात."

खरंच, त्या दिवसाची एकही पेशी आता माझ्या गालात नाही. तरी आत्ता शेजारी बसलेल्या आबांनी नातीच्या पाठीवरून फिरवायला हात उचलला आणि माझं तोंड आपसूक बाजूला झालं.