जहाजातला दिवा

जयनगरच्या आमच्या ऑफिसात जहाजांचे आराखडे होतात. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ निपाणीकडचे. मला अक्का म्हणतात. बोलण्याआधी "स्वल्प थांबा" म्हणतात आणि स्वतःच थांबतात. पुढचं वाक्य कधी येतं, कधी येतच नाही.

संगणकावर जहाजाचं अंग तुकडे जोडून बनतं. लांबी वाढवली की एखादा जोड सुटतो, फट पडते. आम्ही सॉफ्टवेअरच्या यादीत फटी शोधतो. हे गृहस्थ मात्र पडदा काळा करतात, जहाजाच्या पोटात दिवा ठेवतात आणि जहाज हळूहळू फिरवत बसतात. "आई घागर अशीच उन्हात धरून बघायची," म्हणतात.

परवा एका जहाजाची लांबी वाढवल्यावर फटी पडल्या होत्या, आणि घाई होती. संध्याकाळी फाइल पत्रे कापणाऱ्यांकडे जायची होती. किती फट चालेल, ती मर्यादाच मी वाढवून टाकली. यादी रिकामी झाली.

"झालं!" मी म्हटलं.

"स्वल्प थांबा, अक्का."

त्यांनी दिवा लावला. काळ्या पाण्यात तरंगावं तसं जहाज फिरत राहिलं आणि पुढच्या टोकाशी उजेडाची बारीक रेघ उमटली. इतकी सुंदर, की आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

मग त्यांनी मर्यादा पूर्ववत केली, लांबी वाढवण्याआधीचं मूळ जहाज उघडलं, दोन्ही कडा आधी जुळवल्या आणि मगच लांबी वाढवली.

"सरी," एवढंच म्हणाले; कानडीत, ठीक.

आता मीही दिवा लावून बघते. सगळीकडे काळोख दिसला, की जीव भांड्यात पडतो.