हाक मार रे, धनगरा

याकोबा गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. सकाळी दार उघडलं तर त्याचा मुलगा बेंजामिन उभा. पंचेचाळिशीचा बाप्या, पण समज पाच वर्षांच्या पोराची. अंगात सदरा होता, पण एकही बटण लावलेलं नव्हतं. ती बटणं रोज याकोबा लावायचा, गळ्यापासून खालपर्यंत, आणि लावून झाली की त्याच्या छातीवर एक थाप मारायचा. बेंजामिन उघड्या छातीनं माझ्याकडे बघत नुसता उभा राहिला... मला काय कळायचं ते कळलं. शेजारच्या खोलीत गेलो. याकोबा भिंतीकडे तोंड करून निजला होता, पांघरूण खांद्यापर्यंत नीट ओढलेलं. हात लावला तर गार. तोंडातून पहिला शब्द आला तो शिवीचा. खोटं कशाला लिहू? रडू नंतर आलं, आधी रागच आला. ज्या एका गोष्टीवरून आम्ही इतकी वर्षं भांडलो, ती गोष्ट माझ्या दारात तशीच उभी करून हा माणूस निघून गेला होता.

मी चौथी शिकलेला माणूस. पेपरच्या पुरवणीत लिहिणं माझं काम नाही हे मला माहीत आहे. पण याकोबाबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर गोड गोड लिहील. म्हणून मीच लिहितो.

याकोब साळवे नगरकडचा, ख्रिस्ती. मी माणदेशातला धनगर. दोघं एकाच गिरणीत, तो कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंग खात्यात, मी साच्यावर, म्हणजे मागावर, आणि भोईवाड्यातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर भिंतीला भिंत लागून. बाकी सगळी चाळ कोकणातली. ते आम्हा दोघांना घाटी म्हणायचे, त्यामुळं आमची दोस्ती आपोआपच झाली. रविवारी तो पांढरा सदरा घालून देवळात जायचा. त्यांच्यातले लोक चर्चला देऊळच म्हणतात. जायच्या आधी मोरीत अंघोळ करताना अशी गाणी म्हणायचा की खाली इस्त्रीवाल्याला ऐकू जायची. आणि काही झालं, कसलंही संकट आलं, की त्याचं एकच ठरलेलं वाक्य... “मेंढपाळ आहे ना.” म्हणजे देव. पाणी गेलं, मेंढपाळ आहे ना. संप लांबला, मेंढपाळ आहे ना. गिरणीला कायमचं कुलूप लागलं, मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हाही हा तेच म्हणाला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो.

संपाच्या दिवसांत त्याच्या घरी पीठ संपलं की तो रिकामा तवा स्टोव्हवर ठेवायचा आणि डोळे मिटून प्रार्थनेला बसायचा. तव्याचा वास भिंतीपलीकडे आला की माझी बायको पारू भाकऱ्या घेऊन निघायची. जेवून झालं की हा गॅलरीत येऊन म्हणणार, “बघ, प्रभूनं पाठवल्या.” मी म्हणायचो, “अरे, प्रभूनं कसल्या? पारूनं पाठवल्या. त्यातली एक माझ्या वाटणीची होती.” तो हसून म्हणायचा, “तेच तर.” या ‘तेच तर’चा मला फार संताप यायचा. पुढं बोलायला जागाच ठेवायचा नाही.

त्यात मेंढपाळ काय असतो हे मला शिकवायला निघाला होता. मला! सतरा वर्षांचा होईपर्यंत मी बापाच्या मागं मेंढरं राखत उन्हातान्हात फिरलो. एकदा त्याला गॅलरीत समोर बसवून सगळं सांगितलं. “याकोबा, मेंढपाळ लंगडं कोकरू खांद्यावर घेतो ते मायेनं नाही. ते मेलं तर नुकसान होतं म्हणून. लोकर कातरतो, विकतो, आणि पोरीचं लग्न निघालं की चार मेंढरं खाटकाला देतो. माझ्या बापानं दिली. मी दोरी धरून नेली. तुझ्या देवाला हेच नाव सापडलं का?” तो कठड्यावरून खाली बघू लागला. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाला, “रात्री लांडगा आला तर तुझा बाप काय करायचा?” मी म्हटलं, काय करणार, काठी घेऊन बाहेर पडायचा. “एकटा?” एकटाच. “लोकरीसाठी कुणी लांडग्यासमोर जातं का रे?” मी उठून आत गेलो. असल्या माणसाशी काय बोलायचं!

पण खरं भांडण बेंजामिनचं. याकोबाची बायको रूथवहिनी गेली तेव्हापासून मी त्याच्या मागं लागलो होतो. “तू सत्तरीला आलास. तुझ्यामागं या पोराला कोण?” तो म्हणे, बघू. शेवटी मीच शीवकडं एक संस्था शोधली, अशा मोठ्या मुलांना सांभाळणारी. याकोबाला ओढत नेला. स्वच्छ जागा, खिडकीत तुळस, बाई प्रेमानं बोलल्या. म्हणाल्या, एक जागा आहे, लवकर कळवा. याकोबा म्हणाला, “प्रभूला विचारतो.” मी म्हणालो, “लवकर विचार, जागा थांबायची नाही.” जागा गेली. तो पुन्हा म्हणाला, “मेंढपाळ आहे ना.” त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. भिंतीला भिंत लागून असताना न बोलणं सोपं नसतं, पण मी हट्टाचा पक्का आहे.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते एका हाकेमुळं. बेंजामिन दुपारभर खाली चौकात नळापाशी बसायचा आणि संध्याकाळी काही केल्या वर यायचा नाही. एक दिवस याकोबानं माझं दार वाजवलं. “धनगरा, माझा घसा बसलाय. तू मेंढरांना कसा बोलवायचास? तशी हाक मार रे.” राग होताच, पण हाक मारायची म्हटल्यावर मला राहवेना. टाळूला जीभ लावून “ट्रर्रर्र” काढायचं आणि शेवटी “हैय् ये” लांब ओढायचं. माझ्या बापाची हाक ती. गॅलरीतून टाकली तर बेंजामिननं मान वर केली, खदखदा हसला आणि धडाधड जिने चढून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा याकोबा दारात. “घसा बरा नाही रे.” तिसऱ्या दिवशी तेच. असं करत करत वर्षं गेली. माझी सून वैशाली स्वयंपाकघरातून ओरडायची, “अण्णा, शेळ्या परतल्या का?” मी याकोबाला म्हणायचो, आळशी आहेस, पोराला साधी हाक मारता येत नाही. तो गळ्याला हात लावून कठड्याशी हसत उभा राहायचा.

शिवडीला त्याला माती दिली. पाळकसाहेब मेंढपाळावरच बोलले. मी मागं उभा राहून दात खात होतो. नगरहून याकोबाच्या बहिणीचा मुलगा सुधीर आला होता. गुणी पोरगा. म्हणाला, मी नेतो बेंजामिनला. मी म्हटलं, बरं झालं बाबा, निदान कुणाला तरी अक्कल आहे. निघायच्या सकाळी बेंजामिनची बटणं मी लावली. थाप मात्र मारली नाही. ती माझी नव्हती.

टॅक्सी परळ नाक्यापर्यंतच गेली. सिग्नलला बेंजामिन दार उघडून उतरला आणि पुलाखाली रेलिंगला टेकून गुडघ्यांत डोकं घालून बसला. सुधीरनं समजावलं, ओढलं, हवालदारानं दंडाला धरलं. हात लागला की हा किंकाळी फोडायचा. सुधीरनं वैशालीला फोन केला. तिनं मला रिक्षात... इथं रिक्षा कुठली, टॅक्सीत घातलं. मी काठी टेकत पोचलो तर ही गर्दी. जवळ जायला वाटच नाही. मग जिथं होतो तिथूनच हाक टाकली. “ट्रर्रर्र... हैय् ये!” पोरं हसली. एक म्हणाला, “काका, बकरी हरवली काय?” गुडघ्यांतून डोकं वर आलं. बेंजामिन उठला, माणसं बाजूला सारत आला आणि माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून उभा राहिला.

त्या गर्दीत उभा असताना माझ्या डोक्यात आलं. रविवारी मोरीतून इस्त्रीवाल्यापर्यंत आवाज पोचवणारा माणूस... त्याचा घसा रोज नेमका संध्याकाळीच कसा बसत होता? इतकी वर्षं? आणि मला एवढा संताप आला की बेंजामिनचा हात झटकून टाकावासा वाटला. लबाडा, देवावर सोपवलंय असं सगळ्या जगाला सांगत होतास आणि इकडं पोराला माझ्या हाकेची सवय लावत होतास! सांगायचं होतंस तोंडावर. मी नाही म्हणालो असतो, म्हणूनच सांगितलं नाहीस. मला ठाऊक आहे तो काय म्हणाला असता. “धनगरा, तेच तर.”

सुधीर एकटाच नगरला गेला. बेंजामिन आमच्याकडे आहे. माझा मुलगा त्या रात्री जेवला नाही. वैशालीनं माझ्या खाटेशेजारी गादी घातली. सकाळची बटणं मीच लावतो. देवाशी माझं अजून बोलणं नाही, आणि याकोबाशी तर भांडण अर्धवटच राहिलं. शेजारच्या खोलीला कुलूप आहे. वर आला की बेंजामिन आधी त्या कुलपाकडे बघतो, मग माझ्याकडे. मी ऐंशी ओलांडली आहे. मी ज्याच्या मागं लागलो होतो तो प्रश्न आता माझ्याच खाटेशेजारी घोरत पडतो.

गेल्या आठवड्यापासून दिवस कलला की मी गॅलरीत जात नाही. खाटेवरूनच म्हणतो, “वैशाली, तू मार गं हाक. माझा घसा बसलाय.” तिची हाक म्हणजे कुकरची शिट्टी. पहिल्या दिवशी बेंजामिन हलला नाही, शेवटी मलाच उठावं लागलं. काल मात्र त्यानं मान वर केली आणि दोन पायऱ्या चढून थांबला. वैशाली पदराला हात पुसत आत आली. “अण्णा, दुपारी तर ह्यांच्याशी चांगले तावातावानं भांडत होतात. रोज नेमका याच वेळी घसा कसा बसतो तुमचा? डॉक्टरला दाखवा एकदा.”

मी म्हणालो, “बघू.”