उघडून पाहिलेली कलमं

माझ्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला तेव्हा मी दिवसाला शंभर-सव्वाशे आंब्याची कलमं बांधत होते. रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि घरामागे आमची छोटी रोपवाटिका. यजमान मुंबईला कंपनीत होते, त्यामुळे इतकी वर्षं ती मीच सांभाळली. कोयीतून आलेलं कोवळं रोप वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काम एवढंच, पण तासलेली बाजू सपाट हवी. माझी ती सपाट येईनाशी झाली.

आधी मी वयावर ढकललं. मग पट्टीची गाठ मारायला वेळ लागू लागला, चालताना उजवा हात अंगाशी चिकटून राहायला लागला. जवळच्या डॉक्टरांनी तपासून पार्किन्सन असावा असं सांगितलं आणि थरथरीवर ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी दिली. थरथर खरंच कमी झाली. पण तोंड सारखं कोरडं पडायचं आणि डोकं जड व्हायचं. एकदा मी हापूसच्या आणि पायरीच्या काड्या वेगवेगळ्या ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवल्या होत्या. ऐंशी कलमं बांधून झाल्यावर मला आठवेना, कुठली काडी कुठल्या रोपावर बसवली. पानं खुडलेल्या काड्यांत फरक ओळखणं अवघड. घेणाऱ्याला तर चार-पाच वर्षांनी फळ धरल्यावरच चूक कळते. मी ती ऐंशीच्या ऐंशी बाजूला काढली, एकही विकलं नाही.

यजमान त्याच वर्षी निवृत्त होऊन घरी आले होते. महिन्यातून एकदा कोल्हापूरहून मेंदूविकाराच्या डॉक्टर रत्नागिरीला येत, त्यांच्याकडे ते मला घेऊन गेले. बाईंनी मला बोटं उघडमिट करायला लावली, बाहेरच्या व्हरांड्यात चालवून पाहिलं.

"ही गोळी हळूहळू बंद करू," त्या म्हणाल्या. "थरथरीला ती चालते, पण या वयात विसराळूपणा आणते. पुढे दोन वाटा आहेत. तुमच्या मेंदूत डोपामिन कमी पडतंय. एक, लेव्होडोपा. ती घेतली की शरीर तिचं डोपामिन करतं. दुसरी, प्रामिपेक्सोल, डोपामिनसारखं काम स्वतःच करते."

"काडी कुठल्या गोळीने चांगली तासता येईल?" मी विचारलं.

त्या हसल्या. "लेव्होडोपाने. पण काही वर्षांनी तिचा असर लवकर उतरायला लागतो, आणि अंगाला नको तेव्हा हेलकावे येऊ शकतात. दुसरीत ते कमी. मात्र तिने झोप येते, पाय सुजतात, आणि काही जणांना एखाद्या गोष्टीचा नाद लागतो. खरेदी, जुगार, खाणं, एकच काम पुन्हा पुन्हा करणं. तसं काही वाटलं तर लगेच सांगायचं."

मी त्यातलं फक्त जुगार ऐकलं आणि म्हटलं, आपला काय संबंध! शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं की लेव्होडोपा लवकर सुरू केली तर पुढे उपयोगाला उरत नाही. डॉक्टर म्हणाल्या, तसं नसतं, औषध झिजत नाही, आजार पुढे सरकतो. तरी मी प्रामिपेक्सोलच मागून घेतली.

डोस वाढत गेला तसा हात मोकळा झाला. पहिला हंगाम छान गेला. पुढच्या हंगामात कधीतरी मी कलमं उघडून बघायला लागले.

बांधलेल्या कलमाला तीन आठवडे हात लावायचा नसतो. आत काडी आणि रोप एकमेकांना धरत असतात. पट्टी सोडली की सांधा सुटतो, कलम मरतं. कामाला येणाऱ्या नव्या बायकांना मी हेच पहिल्या दिवशी शिकवत आले. आणि आता मीच रोज दुपारी सावलीच्या जाळीखाली बसून पट्टी सोडायची, बघायची, पुन्हा बांधायची. एक झालं की दुसरं. वाईट गोष्ट ही की ते करताना मला फार बरं वाटायचं. कलमं मरायला लागली तेव्हा मी यजमानांना सांगितलं, उष्म्याने गेली असतील.

एका दुपारी चहाला हाक मारूनही मी गेले नाही म्हणून ते मागे आले. माझ्याभोवती सोडलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला होता.

"अगो, काय करत्येस?"

"जीव धरलाय का बघत्ये."

"तूच ना सांगतेस, हात लावायचा नाही म्हणून?"

"एवढी दहा झाली की उठत्ये."

ते बाजूला बसून राहिले. दहा झाली, वीस झाली, मी उठले नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सगळं यजमानांनीच सांगितलं. मला इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाईंना नवल वाटलं नाही.

"हा तुमचा स्वभाव नाही. गोळीचा परिणाम आहे," त्या म्हणाल्या. "पण एकदम थांबवायची नाही. टप्प्याटप्प्याने कमी करू, आणि लेव्होडोपा सुरू करू."

ते कमी करण्याचे आठवडे कठीण गेले. चिडचिड व्हायची, कशात मन लागायचं नाही. लेव्होडोपाने सुरुवातीला मळमळायचं; सोबत एखादं बिस्कीट खायला लागले तसं ते थांबलं. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. तरी दुपारचा डोस कधीकधी चढायचाच नाही. लक्षात आलं, मासे असले की हे होतं. डॉक्टर म्हणाल्या, माशातली प्रथिनं औषधाच्या आड येतात. मग मी मासे संध्याकाळच्या जेवणात नेले.

"जन्मभर मुंबईत खाणावळीत जेवलो," यजमान म्हणाले, "आणि घरी आलो तर दुपारचा बांगडा बंद!"

"तुम्ही खा की. मी भात-भाजी जेवते."

चार दिवस त्यांनीही भाजी खाल्ली. पाचव्या दिवशी बांगडा घेऊन माझ्यासमोर बसले.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. कलमं उघडायची ओढ गोळी बंद झाल्यावर महिन्याभरात गेली. एक डोस आता साडेतीन तास पुरतो. डोस भरात असताना उजवा खांदा थोडा डुलतो, पण हात सुटतो, म्हणून मी तो डुलू देते. सकाळच्या डोसवर पस्तीस-चाळीस कलमं होतात. काडी मी तासते, पट्टी यजमान बांधतात. त्यांची गाठ सैल पडते, मी ती पुन्हा बांधायला लावते.

परवा डॉक्टरांनी लेव्होडोपाचा असर लांबवणारी आणखी एक गोळी लिहून दिली आहे. तिने खांद्याचं डुलणं वाढू शकतं. सोमवारपासून सुरू करायची आहे. पहिले पंधरा दिवस काय काय होतं ते यजमान वहीत लिहिणार आहेत. ते काम मी त्यांच्याकडेच दिलंय, कारण माझं मला नीट दिसेल याची खात्री नाही.